शेऱ्याचा रकाना

मागच्या गल्लीतला पेट्रोल पंप बंद झाला तेव्हा आम्हाला जपानात, टोकियोजवळच्या इचिकावात येऊन जेमतेम चार महिने झाले होते. आधी दोरी लावून गाड्यांची वाट अडवली गेली, मग छप्पर उतरलं आणि आठवड्याभरात चारही बाजूंनी पांढरे पत्रे उभे राहिले. पत्र्यावर एक फलक लागला. त्यातले आकडे तेवढे मला वाचता आले.

त्याच संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. बाहेर साठीच्या आसपासचे एक गृहस्थ उभे होते. हेल्मेट काखेत, हातात कागदात गुंडाळलेला टॉवेल. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि टॉवेल पुढे केला. मला वाटलं, विकायला आलेत. मी हात हलवून नको म्हटलं. ते आणखी खाली वाकले आणि टॉवेल आणखी पुढे आला. मी पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्या खेपेला माझा नवरा ऑफिसमधून परत येऊन जिन्यात पोचला होता.

"अगं, घे की. फुकट आहे."

"फुकट कोण देतं?"

"इथे देतात. काम सुरू करायच्या आधी शेजाऱ्यांकडे जातात. धूळ होईल, आवाज होईल, आधीच माफी मागून ठेवायची."

टॉवेल घेतला. पण आठ वर्षं पुण्यातल्या एका दैनिकाच्या संपादकीय विभागात काढल्यामुळे तेवढ्यावर भागलं नाही. नवऱ्याला दुभाषा करून मी पाच प्रश्न विचारले. काय सापडलं, किती खोल, किती दूर पसरलंय, किती दिवस चालेल, आणि कोणाला त्रास होईल? त्या गृहस्थांनी खिशातून पेन काढलं आणि टॉवेलवरच्या कागदावर जमिनीचा उभा छेद काढला. वर पंप, खाली टाक्या, त्याखाली पाण्याची आडवी रेघ, आणि पाणी कुठल्या दिशेने सरकतं त्याचा बाण. बाणाच्या टोकाला त्यांनी एक छोटा चौकोन काढला. ते टोफूचं दुकान होतं.

ते दुकान मला माहीत होतं. इचिकावात माझ्याशी आपणहून बोललेली पहिली व्यक्ती त्या दुकानाची मालकीण होती.

त्या वर्षांत दर महिन्याला आपल्याकडची नवी कुटुंबं येत होती. नवरे सॉफ्टवेअरमध्ये, बायका नोकऱ्या सोडून आलेल्या. बरीचशी टोकियोतल्या निशी-कसाईत राहत, कारण तिथे तूरडाळ आणि हिंग मिळे. आम्हाला घर मिळालं ते इचिकावात, डाळीपासून दोन गाड्या दूर. पनीर तर कुठेच मिळत नसे, म्हणून मी टोफू घ्यायला लागले. मी एका वेळी तीन वड्या नेते हे पाहून बाईंनी एकदा बोटांनी विचारलं, घरात माणसं किती? मी दोन बोटं दाखवली. त्यांनी भुवया उंचावल्या, आत गेल्या आणि पांढऱ्या ओलसर चोथ्याने भरलेली पिशवी माझ्या हातात दिली. सोयाबीन दळून, दूध गाळून जो चोथा उरतो तो. त्याला ओकारा म्हणतात. त्याचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं, पण पुण्याहून आणलेली भाजणी होती. भाजणीत ओकारा मळून थालीपीठ लावलं. दुसऱ्या दिवशी एक त्यांना नेऊन दिलं. त्यांनी ते उभ्यानेच खाल्लं, दोन पेले पाणी प्यायल्या आणि आणखी एक मागितलं. त्यानंतर दर मंगळवारी एक पिशवी माझ्यासाठी बाजूला काढलेली असे. मी त्यांना ओबासान म्हणे. त्या वयाच्या बाईला तिथे तसंच म्हणतात.

दुकानामागे त्यांची विहीर होती. सासऱ्यांनी खणलेली. पंप बंद व्हायच्या काही आठवडे आधी पाण्याला वास आला, तपासणी झाली आणि विहिरीवर फळी ठोकली गेली. तेव्हापासून त्या नळाच्या पाण्यावर टोफू करत होत्या. पंचाहत्तरी जवळ आली होती. मुलगी ओसाकात, तिला दुकान नको होतं. ओबासानचं म्हणणं साधं होतं. टोफू म्हणजे पाणीच. विहीर परत मिळाली तर हात चालतात तोवर दुकान चालवायचं. नाही मिळाली तर परक्या पाण्याचा टोफू त्यांना फार दिवस विकायचा नव्हता.

टॉवेल देणाऱ्या गृहस्थांना सगळे शोचो म्हणत, म्हणजे साइटचे प्रमुख. ऑक्टोबरात ते पुन्हा आमच्या दारात आले. पंपाची जमीन एक परदेशी कंपनी घेणार होती आणि सफाईचा खर्चही तीच उचलत होती. कंपनीला दर महिन्याचा अहवाल इंग्रजीत हवा होता. शोचोंना इंग्रजी येत नव्हतं. पाच प्रश्न विचारणारी बाई त्यांच्या लक्षात राहिली होती. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला आठवड्याचे काही तास काम करायची परवानगी मिळते. ती काढली, आणि मी पत्र्यांच्या आत, एका लोखंडी खोलीत, अर्धवेळ कामाला लागले.

काम समजायला सोपं होतं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. टाकीतून गळलेलं पेट्रोल मातीतून झिरपत भूजलापर्यंत जातं आणि त्यावर तरंगतं. पाण्याची पातळी वर-खाली झाली की तेही वर-खाली होतं आणि जाता-येता मातीच्या कणांना चिकटून राहतं. टाक्या काढल्या, काळी पडलेली माती ट्रकमधून नेली, तरी खोलवर हा चिकटलेला पट्टा उरतो. त्यासाठी बोअर घेऊन जमिनीत हवा सोडतात, दुसऱ्या बोअरमधून पाणी उपसतात, त्यातलं तेल वेगळं काढतात आणि पाणी दाणेदार कोळशातून गाळतात. हे महिनोन्‌महिने चालतं. यंत्रं घुमत राहतात, माणसं आकडे लिहीत राहतात. बघण्यासारखं काही नसतं.

शोचो रोज एक तक्ता भरत. तारीख, हवामान, कामावरची माणसं, यंत्रांचे तास, उपसलेलं पाणी, पाण्याची पातळी. अगदी खाली शेऱ्याचा रकाना. दर शुक्रवारी दुपारी ते आठवड्याचे तक्ते सावकाश वाचून दाखवत, सोप्या जपानीत, तेवढं मला तोवर कळू लागलं होतं, आणि गरज पडली तर चित्र काढून. मी ऐकत ऐकत वहीत मराठीत उतरवून घेई. ऐकलेलं सगळं उतरवायचं, ही बातमीदारीची सवय.

शेऱ्यात काहीही असे. आज उपसा यंत्रावर मांजर झोपलं होतं. समोरच्या शाळेने आवाजाबद्दल विचारलं, जाऊन भेटलो. टोफूच्या दुकानातून चहा आला. रात्री पाऊस, विहिरीला किंचित वास. वारा जास्त, पत्रा सैल झाला, बांधला.

अहवाल किती पानांचा हवा हे कंपनीने ठरवून दिलं होतं. दोन पानं. दैनिकात मी आठ वर्षं तेच केलं होतं. महत्त्वाचं आधी, कमी महत्त्वाचं खाली. जागा पुरली नाही की खालून कापायचं. वाचणारा काही गमावत नाही. मी आकडे वर घेतले, तक्ते नीट लावले आणि शेऱ्याचा रकाना कापला. शोचो माझी पानं समोर घेत, वाचता येत नसतानाही शेवटपर्यंत नजर फिरवत आणि आपला शिक्का मारत.

त्या भागात हिवाळा कोरडा असतो. पाण्याचे नमुने महिन्याच्या ठरलेल्या तारखेला घेत, आणि त्या तारखांना कधीच पाऊस नव्हता. प्रयोगशाळेचे आकडे दर महिन्याला उतरत गेले. फेब्रुवारीत सगळे मर्यादेच्या आत आले.

मार्चच्या सुरुवातीला कंपनीचा फॅक्स आला. अहवाल समाधानकारक आहेत, महिनाअखेर यंत्रं बंद करावीत, शेजारची विहीर एप्रिलपासून मालकिणीला वापरायला द्यावी. शोचो त्या दिवशी सकाळी दुसऱ्या साइटवर होते. फॅक्स हातात पडला आणि मला एकच सुचलं. बातमी आधी आपण द्यायची. मी हेल्मेट न काढताच दुकानात गेले.

ओबासान कढईशी होत्या. ऐकून त्यांनी हात पुसले, मागे गेल्या आणि विहिरीच्या फळीवर तळहात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "शिंबुन-सान, पुन्हा सांगा."

शिंबुन म्हणजे वर्तमानपत्र. त्या मला त्याच नावाने हाक मारत. मी पुन्हा सांगितलं. मी दुकानातून निघायच्या आत त्यांनी कागद घेऊन ब्रशने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'एप्रिलपासून पुन्हा विहिरीच्या पाण्याचा टोफू', आणि तो काचेवर चिकटवला.

शोचो दुपारी आले.

"यंत्रं महिनाअखेर बंद," मी सांगितलं.

"कुठली?"

"सगळी. काम पुरं झालं म्हणतात. आकडे चांगले आहेत."

ते खुर्चीवर बसले. "आणि वासाबद्दल काय म्हणतात?"

"कुठला वास?"

"पाऊस झाला की विहिरीला येतो तो. मी दर वेळी सांगितलाय तुम्हाला. शेऱ्यात."

"शेऱ्यात मांजर होतं."

"मांजराच्या खालच्या ओळीत," शोचो म्हणाले.

मी वही काढली. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत, माझ्याच अक्षरात, सात ठिकाणी वास होता. सातही वेळा आदल्या रात्री पाऊस. कोरड्या दिवसांत पाणी खाली जात होतं आणि वरच्या मातीला चिकटलेलं पेट्रोल तिथेच अडकून राहत होतं. पाऊस पडला की पाणी वर चढून त्याला भिडत होतं. जूनमध्ये पावसाळा सुरू झाला असता तेव्हा यंत्रं गेलेली असती, आणि ओबासानच्या टोफूत ते उतरलं असतं. हे सांगणारी एकच जागा होती आणि ती मी पाच महिने कापत होते.

"आमच्याकडे महत्त्वाचं पहिल्या ओळीत असतं," मी म्हणाले. "खालचं कापलं तरी चालतं."

"आणि वाचणारा?"

"पहिला परिच्छेद वाचून पान उलटतो."

शोचोंनी यावर विचार केला. "आमच्याकडे आधी हवामान," ते म्हणाले. "ऐकणारा स्थिर बसला की मग सांगायचं. महत्त्वाचं घाईने सांगत नाहीत."

ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी चहा केला, खुर्ची माझ्या टेबलाशी ओढली आणि पाच महिन्यांचे तक्ते पहिल्यापासून काढले. दोन दिवस ते वाचत होते आणि मी माझ्या वहीशी ताडून बघत होते. सुधारित अहवाल तयार झाला. शेवटी मी लिहिलं होतं की आधीच्या अहवालांतून या नोंदी गळाल्या, ही चूक माझी. शोचोंनी ते वाक्य जपानीत सांगायला लावलं.

"'माझी' नको. 'या साइटची' लिहा."

"पण चूक माझी आहे."

"शिक्का माझा आहे."

मी 'या साइटची' लिहिलं. दैनिकात चूक झाली की सकाळच्या बैठकीत ती कोणाची हे आधी ठरत असे. दुसरीही एखादी रीत असू शकते हे मला तिथे कळलं, आणि त्या वाक्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

ओबासानना फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं. मंगळवारी सकाळी सहाच्या आधी आम्ही दुकानाशी पोचलो, कारण सातला गिऱ्हाइकं येतात. शोचोंनी स्वच्छ कपडे घातले होते आणि हातात मिठाईचा खोका होता. वाटेत ते मला म्हणाले, "तुम्ही सांगा. बातमी तुम्ही दिली होती."

ओबासाननी खोक्याकडे बघितलं. "म्हणजे वाईट बातमी," त्या म्हणाल्या. "चांगली घेऊन आलात तेव्हा रिकाम्या हाताने आला होतात."

"ओबासान, एप्रिलमध्ये नाही," मी म्हणाले. पाऊस, वास, माझी वही, मी काय कापलं, सगळं तुटक्या जपानीत सांगितलं. मग मी वाकले. शोचो माझ्याआधी वाकले होते आणि मी सरळ झाले तरी ते वाकलेलेच होते, म्हणून मी पुन्हा वाकले.

"किती दिवस?" ओबासाननी विचारलं.

"माहीत नाही," शोचो खाली बघतच म्हणाले.

"माझं वय माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग जमिनीकडे बघत काय उभे आहात? जमिनीखालचं बघा."

त्या काचेपाशी गेल्या. कागद काढून टाकतील असं मला वाटलं. त्यांनी कोऱ्या कागदाची एक पट्टी कापली, तिला खळ लावली आणि फक्त 'एप्रिल' या शब्दावर चिकटवली. बाकीचं वाक्य तसंच राहिलं. मग आत जाऊन ओकाऱ्याची पिशवी आणली आणि माझ्यापुढे धरली. माझा हात पुढे होईना.

"घ्या. आज मंगळवार आहे. सोयाबीनने तुमचं काय बिघडवलंय?"

कंपनीचं उत्तर दहा दिवसांनी आलं. यंत्रं चालू ठेवावीत, ठरलेल्या तारखांऐवजी प्रत्येक मोठ्या पावसानंतर नमुने घ्यावेत, आणि अहवालासोबत शेऱ्याचा रकाना पूर्ण जोडावा. पानांची मर्यादा त्यांनी उठवली. ज्या कोणी ते पत्र लिहिलं त्याला मी कधी भेटले नाही. दोष देणं त्याला सहज शक्य होतं, आणि त्याने तसं काही लिहिलं नव्हतं.

हवेचे दोन बोअर विहिरीच्या बाजूला नव्याने घेतले. जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर विहिरीचं पाणी काढलं तेव्हा बाटलीचं झाकण उघडताच वास आला. फॅक्सप्रमाणे झालं असतं तर त्या आठवड्यात तेच पाणी दुकानाच्या कढईत असतं. शोचोंनी बाटली माझ्याकडे दिली, मग ओबासानकडे. तिघांनी हुंगायचं असा तेव्हापासून नियमच झाला. त्या सकाळी मी हिंगाची फोडणी करायची नाही, हा शोचोंनी वाढवलेला पोटनियम. पाऊस पडला की माझा नवरा सकाळी विचारी, "आज वरण बिनफोडणीचं का?"

त्याच सुमाराला त्याचं काम योकोहामाला गेलं. त्याच्या ऑफिसातले बाकीचे घर बदलून तिकडे राहायला गेले. त्याला इचिकावाहून जायला रोज तीन गाड्या बदलाव्या लागणार होत्या.

"इथेच राहायचंय?" त्याने विचारलं.

"विहीर होईपर्यंत."

"एका विहिरीसाठी?"

"हो."

"बरं," तो म्हणाला आणि गाड्यांचं वेळापत्रक काढून बसला. जवळजवळ दीड वर्ष तो असा गेला. त्याने त्याचा पुन्हा उल्लेख केला नाही, म्हणून मी इथे करते आहे.

दुसरा हिवाळा गेला, दुसरा पावसाळा आला. काचेवरच्या कागदाचा रंग उन्हाने उतरला. पट्टी मागाहून लावलेली, म्हणून ती त्यातल्या त्यात पांढरी दिसे. वास किंचितवर आला, मग 'आहे की नाही' यावर आम्हा तिघांत वाद होऊ लागले. ओबासान म्हणत 'आहे', शोचो म्हणत 'नाही', मी माझं मत वहीत लिही. प्रयोगशाळेने त्या पावसाळ्यातल्या तिन्ही मोठ्या पावसांनंतरचे आकडे मर्यादेच्या बरेच खाली दाखवले. सप्टेंबरात वादळ येऊन गेलं. दुसऱ्या दिवशी बाटली उघडली आणि तिघांच्या हातून फिरली. ओबासाननी बाटली परत घेतली, डोळे मिटून पुन्हा हुंगली आणि म्हणाल्या, "पाणी आहे."

आकडे आले, कंपनीची संमती आली, आरोग्य खात्याचा कागद आला. ओबासाननी काचेवरच्या पट्टीवर ब्रशने 'नोव्हेंबर' लिहिलं.

पहिल्या दिवशी त्यांनी दुकान उघडायच्या आधी आम्हाला बोलावलं. टोफू अजून कोमट होता. सोया सॉस दिला नाही. शोचोंनी एक घास घेतला, पेला खाली ठेवतात तशी काड्यांची जोडी हलकेच खाली ठेवली आणि बराच वेळ मान हलवत राहिले. ओबासान माझ्याकडे बघत होत्या.

"कळला फरक?"

खरं सांगायचं तर कळला नव्हता. सव्वादोन वर्षं मी नळाच्या पाण्याचाच टोफू खाल्ला होता, त्याआधीचा तीनेक महिन्यांचा टोफू पालकाच्या भाजीत गेला होता. "नाही," मी म्हणाले.

शोचो थबकले. ओबासान इतक्या हसल्या की त्यांना कट्ट्याचा आधार घ्यावा लागला. "ठीक आहे. आता तुमच्यावर विश्वास ठेवता येईल," त्या म्हणाल्या आणि दुसरी वडी कापली.

त्या शुक्रवारी शोचोंनी शेवटचा तक्ता वाचला. यंत्रं आदल्या दिवशी ट्रकवर चढली होती. लोखंडी खोलीत एक टेबल आणि दोन खुर्च्या उरल्या होत्या. तारीख, हवामान, माणसं. यंत्रांचे तास शून्य. उपसलेलं पाणी शून्य. मी शेऱ्याची वाट बघत होते.

"रात्री पाऊस," त्यांनी वाचलं. "विहिरीला वास नाही. शेजारच्या दुकानात टोफू खाल्ला. तिघांपैकी एकीला फरक कळला नाही. मांजर यंत्र शोधत आलं, थोडा वेळ जागेवर बसलं, गेलं."

मी ते सगळं इंग्रजीत घातलं. मांजरही.